निघालेले काका

आमच्या सोसायटीच्या दारात सामानाचा ट्रक लागला की वॉचमनच्या आधी काका खाली पोचतात. कपाट जिन्यातून उभं न्यायचं की आडवं, फ्रीज उतरवल्यावर किती वेळ चालू करायचा नाही, गाद्या आधी चढवायच्या की डबे, तुळशीची कुंडी कुणाच्या मांडीवर द्यायची, हे सगळं त्यांना पाठ आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत आमच्या इमारतीतली निदान डझनभर बिऱ्हाडं हलली आणि प्रत्येकाचा शेवटचा टेम्पो काकांनीच मागून थाप मारून "हां, जाऊ दे" म्हणत सोडला. स्वतः काका मात्र १९८४ साली तिसऱ्या मजल्यावर राहायला आले ते तिथेच आहेत. तरी डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे ओळखतात ते 'निघालेले काका' म्हणून.

हे नाव त्यांनी स्वकष्टानं मिळवलंय. रंगकामाची वर्गणी मागायला गेलं की म्हणतात, "देतो रे, पण आमचं काय, आम्ही निघालेलेच." गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची मीटिंग असो की गणपतीचा मांडव, काकांचं पहिलं वाक्य हेच. वर्गणी ते देतात, अगदी पहिल्या दिवशी देतात, पण पाहुण्यानं निघताना पोराच्या हातावर खाऊचे पैसे ठेवावेत तशी.

घरातही तेच. बाथरूमचा नळ गळतो, त्याला सुतळी बांधलेली आहे. हॉलमधला पंखा तीनवर ठेवला तर कुरकुरतो, म्हणून दोनवर फिरतो. काकूंच्या ओट्याचा कडाप्पा २००४ साली कोपऱ्यात फुटला. "आता निघायचंच आहे, कशाला खर्च?" असं म्हणून काकांनी तिथे एक जुनं कॅलेंडर दुमडून घातलं. दर जानेवारीत कॅलेंडर बदलतं, ओटा नाही. काकू त्या कोपऱ्याला 'आमचं बूड' म्हणतात. म्हणजे हलतं म्हणून.

काका बँकेच्या ऑडिट खात्यात होते. निवृत्त झाले २००९ साली. नोकरीत जिल्ह्याजिल्ह्यातल्या शाखा तपासल्या, त्यामुळे महाराष्ट्रातलं प्रत्येक गाव त्यांना तिथल्या लॉजच्या चादरीवरून आठवतं. बाकीचं आयुष्य मात्र लोकलमध्ये गेलं. सीएसएमटीपर्यंत अठ्ठेचाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, तेही बसायला मिळावं म्हणून आधी उलटं कल्याणला जाऊन. जो माणूस पश्चिमेला जाण्यासाठी रोज आधी पूर्वेला जात होता, त्याला निवृत्तीनंतर कुठे राहावं हे सरळ कसं सुचणार?

तर त्यासाठी त्यांनी वही घातली. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, बँकेत मिळायची तसली. एका गावाला दोन पानं. रकाने आखलेले: पाणी, हवा, दवाखाना, स्टेशन, नाटक, भाजी, माणसं. एकूण गुण शंभर. पंचाहत्तरला पास. पुण्याला चौऱ्याहत्तर आहेत.

पुण्याबद्दल मी फार लिहीत नाही. त्या शहरावरचे विनोद संपले आहेत आणि उरलेले पुणेकरांनी स्वतःच करून ठेवलेत. काकांचा मुद्दा वेगळाच होता. २०१८ साली केंद्र सरकारनं राहायला सोप्या शहरांची यादी काढली, तीत पुणे पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. काकांनी कात्रण चिकटवलं आणि काकूंना म्हणाले, "बघ." २०२१ च्या मार्चमध्ये पुढची यादी आली. दहा लाखांवरच्या शहरांत बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं. काकांनी लाल पेन्सिलीनं एक गुण कापला. "अगं, घसरणीला लागलेल्या गावात कोणी घर घेतं का?" एका नंबरानं घसरलेलं पुणे त्यांच्या नजरेतून असं उतरलं की पुढच्या वर्षी मेट्रो सुरू झाली तेव्हा वनाज ते गरवारे कॉलेज आणि परत, असा प्रवास करूनही त्यांनी तो गुण परत दिला नाही. ऑडिटमधला शेरा एकदा मारला की मारला.

नाशिक जवळजवळ ठरलं होतं. हवा चांगली, पंचवटी एक्स्प्रेस कल्याणला थांबते, द्राक्षं. दोघं दोन दिवस राहून आले. परत आल्यावर काका गप्प होते. चौथ्या दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "अरे, तिथे मिसळ खायला लोक गाडी काढून शेतावर जातात. झोपाळे आहेत, पार्किंग आहे. मिसळ उत्तम. पण मला सांग, मिसळ ही काय ठरवून जायची गोष्ट आहे? ती वाटेत लागली पाहिजे." त्यात दर बारा वर्षांनी कुंभमेळा, पुढचा २०२७ ला. "अख्खा भारत आपल्या दारात आंघोळीला येणार आणि आपण काय, टॉवेल घेऊन उभं राहायचं?"

पण काकांचा खरा अभ्यास पाण्याचा. "पाणी कसं आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि हा साधा प्रश्न गावागणिक अर्थ बदलतो हे मला त्यांच्याबरोबर सांगलीला गेलो तेव्हा कळलं. डोंबिवलीत या प्रश्नाचं उत्तर घड्याळात असतं: सहा ते साडेसात. सांगलीच्या एजंटला काकांनी हेच विचारलं, तर तो क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कुठल्या सालचं? २००५ चं, २०१९ चं का २०२१ चं?" मग त्यानं भिंतीवर हात ठेवून दाखवलं. इथपर्यंत. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांची तब्येत नंतर विचारतात, आधी आयर्विन पुलाखाली किती फूट ते विचारतात. पंचेचाळीसला धोका. काका भारावून गेले. असा आकड्यात बोलणारा गाव त्यांना आयुष्यात भेटला नव्हता. शिवाय आद्य मराठी नाटक १८४३ साली इथेच झालेलं, म्हणजे त्या रकान्यात दहापैकी दहा. पण एजंटनं "दुसरा मजला घ्या, तिथे कधीच आलं नाही" असं म्हटल्यावर काकूंनी शांतपणे विचारलं, "आणि आम्ही खाली कसे उतरणार?"

तिथून लातूर. तिथेही तोच प्रश्न. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, २०१६ ला तर रेल्वेनं आलं." ते खरंच आहे. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून टँकर लावलेल्या आगगाड्या भरभरून पाणी गेलं. काका लॉजवर रात्रभर विचार करत होते. सकाळी चहाला त्यांनी सिद्धांत मांडला: एका टोकाला पाणी खिडकीतून आत येतं, दुसऱ्या टोकाला गाडीतून उतरतं, तर शहाण्या माणसानं या दोन्हींच्या मधे राहावं. त्यांनी रेल्वेचा नकाशा काढला, मिरज-लातूर मार्गावर बोट फिरवलं, आणि बोट पंढरपूरवर थांबलं.

"साक्षात!" काका म्हणाले.

काकू बशीत चहा ओतत म्हणाल्या, "तिथे तर तो अठ्ठावीस युगं उभा आहे. त्यालाच अजून बसायला जागा मिळाली नाही, आपल्याला कुठली मिळते?"

पंढरपूरचं पान कोरं आहे.

काकूंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. त्यांची वही नाही. त्यांचा एकच प्रश्न असतो आणि तो त्या जिना उतरताना, एजंटच्या बायकोला किंवा शेजारच्या दारातल्या बाईला विचारतात: "इथे फुलपुडी दारावर टाकतात का हो?" डोंबिवलीत पहाटे कडीला लावलेल्या पिशवीत फुलपुडी पडते. दोन जास्वंदी, थोड्या दूर्वा, तुळस, एखादी शेवंती. टाकणारा मुलगा काकूंनी फारसा पाहिलेलाही नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "बाजारात मिळतात की, ताजी." काकू मान डोलावतात आणि चपला घालतात. पुढचं सगळं गणित काकांचं, निकाल मात्र तिथेच लागलेला असतो. हे काकांना अजून माहीत नाही. माहीत असेल तर त्यांनी दाखवलेलं नाही.

परराज्यातही जाऊन झालं. इंदूरला काकांनी आल्या आल्या पैकीच्या पैकी गुण दिले. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर, मराठी कानावर पडतं, होळकरांचं गाव. दोन दिवस काका शेंगदाण्याची टरफलं खिशात घेऊन फिरले, रस्त्यावर टाकायची छातीच होईना. तिसऱ्या दिवशी सराफ्यात खायला जायचं ठरलं. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की खाण्याची लागतात, आणि काका साडेनवाला झोपतात. "ज्या गावाची भूक माझ्या झोपेच्या वेळी उघडते, तिथे माझं जमणार नाही." बडोदा त्यांना सयाजीरावांमुळे पूज्य. पण गुजरातेत दारूबंदी. काका दारूला शिवत नाहीत. तरी त्यांनी दोन गुण कापले. का, तर म्हणे "न पिण्याचं श्रेय माझं राहत नाही."

कोकणातल्या मूळ घराचा विषय निघाला की काका आवाज खाली आणतात. घर दापोलीकडे आहे, हवा म्हणाल तर औषधासारखी. पण सातबाऱ्यावर इतकी नावं की सगळी राहायला आली तर अंगणात मांडव घालावा लागेल, आणि प्रत्यक्षात राहतात ती माकडं. त्यांची नावं सातबाऱ्यावर नाहीत, तरी वहिवाट त्यांचीच.

या जातीची तरुण आवृत्तीही आहे, आमच्याच इमारतीत. पहिल्या मजल्यावरचं आयटीतलं जोडपं. ते वही नाही, लॅपटॉपवर तक्ता ठेवतात आणि 'पाणी, हवा' ऐवजी 'व्हॅल्यूज' म्हणतात. २०२१ मध्ये ते गोव्याला गेले, समुद्राकाठी बसून काम करायला. पहिल्या पावसाळ्यात लॅपटॉपला, चपलांना आणि लोणच्याला एकाच रंगाची बुरशी आली. सात महिन्यांनी परतले तेव्हा ट्रक उतरवून घ्यायला काका होतेच. "पाणी कसं होतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी एकदा वही चाळत होतो. सव्वीस गावं. डोंबिवली नाही. मी म्हटलं, "काका, आपल्या गावाला किती गुण?" त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. "अरे, आपण निघालेलो आहोत. जाता जाता तिची परीक्षा कशाला घ्यायची?" मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "२०१४ ला हिरवा पाऊस पडला होता आपल्याकडे. केमिकलचा. हवेला शून्यच द्यावा लागेल." आणि वही मिटली.

शेवटी गाव काकांना सोडायला लागलंच, म्हणजे घर सोडायला लागलं. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरनं भाडं दिलं आणि दीड महिन्यात घरं रिकामी करायला सांगितलं. तीन वर्षं कुठेही राहा. कुठेही! बावीस वर्षं ज्या माणसानं याचाच अभ्यास केला, त्याच्यासमोर परीक्षेचा पेपर येऊन पडला होता. आम्ही सगळे धावपळीत होतो. कोणी ठाकुर्लीला गेलं, कोणी कल्याणला, मी बदलापूरला. काका शांत होते. शेवटच्या आठवड्यात कळलं की त्यांनी घर घेतलंय. समोरच्या इमारतीत. तिसराच मजला.

"ट्रक लागला नाही," काका अभिमानानं सांगत होते. "हातगाडीवर सगळं झालं. सहा फेऱ्या."

परवा भेटायला गेलो. दार उघडलं तर मी चकित. नवा पंखा, पाचवर भरभरत होता. बाथरूमचा नळ नवा. खिडक्यांना डासांची जाळी. आणि आत ओट्यावर नवा कोरा ग्रॅनाइट, काकू त्यावरून उगाचच ओलं फडकं फिरवत होत्या. मी म्हटलं, "काका, भाड्याच्या घरात एवढा खर्च?"

"अरे, तीन वर्षं काढायची आहेत इथे. नीट नको का?"

"आणि फुलपुडी?" मी काकूंना विचारलं.

"त्याला फक्त इमारत सांगावी लागली," काकू म्हणाल्या.

आम्ही गॅलरीत बसलो. समोर आमची इमारत अर्धी पाडून झाली होती. काकांचा हॉल उघडा पडला होता, आणि भिंतीवर कॅलेंडर काढल्याचा पांढरा चौकोन इथूनही दिसत होता. काका बराच वेळ तिकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही सगळे भलतेच लांब गेलात. एवढी काय घाई होती?" उठून आत गेले, निळी वही घेऊन आले, चष्मा लावला, नव्या पानावर ठळक अक्षरांत 'बदलापूर' लिहिलं आणि पट्टीनं रकाने आखले.

"हं, सांग. पाणी कसं आहे?"

मी विचारलं, "कुठल्या अर्थानं?"