कंपनी फिटेड

आमच्या घरात दोन गोष्टी कंपनी फिटेड होत्या. एक गाडीतला टेप आणि दुसरे अप्पा. दोघांचंही आउटपुट दणदणीत; इनपुटची सोय मात्र कारखान्यातून बाहेर पडतानाच ठेवलेली नव्हती.

अप्पा टेलिफोन खात्यातून 2001 साली निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी गाडी घेतली. गाडीत टेप आधीपासून बसवलेला होता, याचं त्यांना गाडीपेक्षा जास्त कौतुक. शेजारच्यांनी बाहेरून टेप बसवून घेतला होता, त्याचा उल्लेख ते 'दत्तक' असा करत. "आपला कंपनी फिटेड आहे," ते सांगायचे, आणि हे सांगताना त्यांचा हात टेपवर नसून स्वतःच्या छातीवर असायचा. कंपनीने दिलेल्या कशालाही हात लावायचा नाही, हा घराचा नियम झाला. सीटवरचं प्लास्टिक तिसऱ्या दिवाळीपर्यंत टिकलं. उन्हाळ्यात उतरताना पाठीला चिकटून ते आमच्याबरोबर चार पावलं बाहेर यायचं.

गाडी आली त्या दिवशी गुरुजींना वेळ नव्हता. अप्पा डगमगले नाहीत. त्यांनी गणेशपूजनाची कॅसेट आणली आणि गाडीच्याच टेपमध्ये घातली. गाडीने स्वतःची पूजा स्वतःच सांगितली. कॅसेटमधले गुरुजी "आता मूर्तीच्या डोळ्यांना दूर्वेने तूप लावा" म्हणाले, तेव्हा अप्पा क्षणभर थबकले आणि मग दोन्ही हेडलाइटना साजूक तूप लावून आले. पत्री वायपरखाली खोचली. नैवेद्याचा मोदक बॉनेटवर वितळला. गाडीबरोबर मिळालेली कागदपत्रं अप्पांनी त्याच संध्याकाळी नीट ठेवली. आमच्याकडे 'नीट ठेवणे' याचा अर्थ 'पुन्हा न सापडणे' असा होतो.

योगायोग असा, की त्याच 2001 च्या नोव्हेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत पहिला आयपॉड बाजारात आला. आमची गाडी आणि तो एकाच सालचे. पण दोघांची गाठ पडायला सात वर्षं जावी लागली. 2008 मध्ये मावसभाऊ तिकडून आला आणि त्याने माझ्या हातात ऐंशी जीबीचा आयपॉड ठेवला. कंपनीच्या हिशेबाने त्यात वीस हजार गाणी मावत होती.

"वीस हजार?" अप्पांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकडेमोड केली. "चार मिनिटांचं एक गाणं धर. ऐंशी हजार मिनिटं. म्हणजे तेराशे तेहतीस तास. म्हणजे रात्रंदिवस वाजवलं तरी पंचावन्न दिवस." पेन्सिल कानावर ठेवून त्यांनी मला विचारलं, "आपण ठाण्याला आत्याकडे जातो. कुठल्या रस्त्याने गेलो तर पंचावन्न दिवस लागतात?"

याला उत्तर नव्हतं. पण मला तो आयपॉड गाडीत वाजवायचा होता. टेपच्या तोंडावर बटणं, दोन गोल नॉब आणि कॅसेटची फट एवढंच होतं. आयपॉडची पिन खुपसायला भोक कुठेच नव्हतं. पिन हातात घेऊन मी डॅशबोर्डावर डॉक्टरसारखा ठिकठिकाणी दाबून बघत होतो, तेवढ्यात अप्पांचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"इकडे आण," ते म्हणाले. चष्मा कपाळावर घेऊन त्यांनी ती पिन डोळ्यांजवळ धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. "अरे, ही तर आमच्या बोर्डाची पिन!"

आणि ते खरंच होतं. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर ऑपरेटर बायका ज्या पिना या भोकातून त्या भोकात खोचून माणसं जोडायच्या, त्या पाव इंच जाडीच्या पिनेची ही साडेतीन मिलिमीटरची नात. अप्पांची सुरुवातीची नोकरी ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्याच पिनांच्या जंजाळात गेलेली. त्यांनी तिला बोटांत फिरवलं, टोक नखाने खरवडलं आणि सुनेच्या माहेरची ओळख निघाल्यासारखे ते एकदम नरमले. "कनेक्शन द्यायचंय ना? देऊ की. फक्त कंपनीच्या मालाला धक्का लागता कामा नये."

मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो. तिथे कुठलीही अडचण सांगितली की दुकानदार मागे न वळता हात लांबवतो आणि हाताला येईल ते तुमच्या अडचणीवरचं औषध असतं. त्याच्या हाताला आला एफएम ट्रान्समीटर. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारी अंगठ्याएवढी वस्तू. ती आयपॉडमधलं गाणं घेते आणि 88 ते 108 मेगाहर्ट्झमधल्या एखाद्या रिकाम्या जागेवर दोन-चार मीटरपुरतं प्रक्षेपित करते. गाडीतल्या रेडिओवर तीच जागा लावायची. म्हणजे स्वतःचं आकाशवाणी केंद्र, आणि श्रोते मोजून तीन.

अप्पांना कल्पना आवडली. पूर्वी साधा रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागायचं, हे त्यांनी निघताना दोनदा सांगितलं. आम्ही ठाण्याला निघालो. मी चालवतोय, अप्पा शेजारी केंद्रसंचालक म्हणून, आई मागे डब्यांसह. चांदणी चौकापर्यंत कुमार गंधर्व उत्तम गायले. मग मधूनच एक मुलगी आली आणि फ्लॅटच्या बुकिंगवर मॉड्युलर किचन मोफत आहे असं ओरडून गेली. पुन्हा कुमारजी. पुन्हा किचन.

"क्रॉस कनेक्शन," अप्पांनी निदान केलं.

एफएमचा स्वभाव असा, की एकाच जागी दोन आवाज आले तर रेडिओ त्यांची भेळ करत नाही. ज्याचा जोर जास्त त्याचं ऐकतो आणि दुसऱ्याला गप्प बसवतो. आमच्या घरातली लोकशाहीही याच तत्त्वावर चालते, त्यामुळे समजायला जड गेलं नाही. पण जोर सारखा झाला की घटकेत हा, घटकेत तो. पुण्यात मोकळी असलेली जागा घाट उतरताच मुंबईच्या कुणीतरी अडवलेली निघायची. मग अप्पा वाकून ट्रान्समीटरचं बटण दाबणार, मी रेडिओचा नॉब फिरवणार, आणि दोघं वेगवेगळ्या जागी पोचून एकमेकांची वाट बघणार.

कामशेतच्या बोगद्यात मात्र चमत्कार झाला. आत शिरताच सगळी खरखर पुसली गेली आणि समोर बसून गावं तसा स्वच्छ स्वर आला. बाहेरच्या स्टेशनांच्या लहरी डोंगराने अडवल्या होत्या. आमचं स्टेशन तर गाडीतच होतं. स्वर वर चढला, अप्पांनी डोळे मिटले, हात उचलला आणि बोगदा संपला. समेवर किचन आलं.

त्या दिवसापासून एक्स्प्रेसवेवरचे बोगदे आम्हाला पाठ झाले. कामशेत, खंडाळा, आडोशी, माडप, भाताण. प्रत्येकाआधी अप्पा गाणं मागे ओढून तयार ठेवायचे. माडपमध्ये मी गाडी एवढी हळू केली की मागच्या ट्रकने आमचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला.

"एवढंच असेल तर बोगद्यातच एखादी खोली बघा," आई मागून म्हणाली.

कळस खालापूरच्या टोलनाक्यावर झाला. रांगेत उभे असताना आमच्या रेडिओवर अचानक इंग्रजी बडबडगीतं सुरू झाली. शेजारच्या गाडीत एक लहान मूल, एक थकलेला बाप आणि आमच्यासारखाच लुकलुकणारा ट्रान्समीटर होता. आमच्याकडे त्यांचं कोकरू आलं होतं, त्याअर्थी त्यांच्याकडे आमचा निर्गुणी भजनाचा विस्तार गेला असणार. ते मूल भोकाड पसरून रडत होतं. अप्पांनी काच खाली करून त्या बापाला विचारलं, "क्लिअर येतंय का?"

मग नाना पेठ. तिथल्या गाडी सजवणाऱ्याने टेपकडे बघून जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. मोटार मेकॅनिक आणि दातांचे डॉक्टर या दोघांनाच तो आवाज जमतो आणि त्याची किंमत बिलात धरलेली असते. "काका, हा काढून टाका. नवीन घ्या, समोरच पिनेचं भोक येतं." अडचण एवढीच होती, की बाजारातले टेप 180 बाय 50 मिलिमीटरच्या खणात बसतात, हे जर्मनांनी घालून दिलेलं माप; आमच्या कंपनीने मात्र टेप डॅशबोर्डाशी असा एकजीव केला होता की तो कुठे संपतो आणि गाडी कुठे सुरू होते हे कळत नव्हतं. "थोडा डॅशबोर्ड कापावा लागेल," तो म्हणाला. अप्पा एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी आतून लॉक लावून घेतलं. मला रिक्षाने यावं लागलं.

उपाय शेवटी पुन्हा तपकीर गल्लीतच निघाला. दुकानदाराच्या हाताला या वेळी एक कॅसेट आली. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही आणि कोपऱ्यातून एक वायर बाहेर आलेली. फिलिप्सने 1963 मध्ये कॅसेट काढली तेव्हापासून तिचं माप जगभर एकच, चार इंच बाय अडीच. त्यामुळे ती कुठल्याही टेपमध्ये बसते. फितीच्या जागी तिच्यात एक छोटं चुंबकी हेड असतं, ते टेपच्या हेडसमोर नाक लावून उभं राहतं. आयपॉडमधला प्रवाह त्यात कमीजास्त होतो, तसं चुंबकत्व कमीजास्त होतं आणि टेपला वाटतं, समोरून फीत जातेय. फीत संपली असा संशय येऊ नये म्हणून आत दातेरी चाकं नुसतीच किरकिर फिरत राहतात. थोडक्यात, आग्र्याचे पेटारे. पहारेकऱ्याला पेटारे रोजचेच. आत मिठाई आहे की आणखी कोणी, हे तो बघत नाही.

इतक्या वर्षांत अप्पांच्या गळी एखादी नवी गोष्ट उतरवायची तर काय करावं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या ओळखीच्या आकाराची करून द्यायची.

सुरुवातीला टेपने थोडे आढेवेढे घेतले. त्याला आपोआप बाजू बदलायची खोड होती. खट्‌ करून 'ए' बाजूवरून 'बी'वर जायचा, तिथे काहीच न सापडल्याने खट्‌ करून परत यायचा. दोन दिवस हे केल्यावर तो दमला. मग आयपॉड चार्जिंगला लावला की गाण्यामागे एक बारीक शिटी येऊ लागली; गाडी पळवली की शिटी चढायची, थांबवली की उतरायची. मी घाबरलो. अप्पांनी मात्र अर्धं मिनिट ऐकलं आणि चार्जर उपटला. शिटी बंद. "अर्थ दोन ठिकाणी गेलाय. गाडीचा डायनामो ऐकू येतोय तो," ते म्हणाले. "लाइन क्लिअर पाहिजे रे. बाकी कोण काय गातंय ते नंतर."

त्यानंतर आयपॉड माझा राहिला नाही. अप्पा पुढच्या सीटवर मांडीवर रुमाल पसरून त्यावर तो ठेवत आणि अंगठ्याने चक्र फिरवत एक्स्चेंज चालवत. आईने माणिक वर्मा मागितल्या की विचारत, "अर्जंट की ऑर्डिनरी?" ऑर्डिनरी सांगितलं तर तळेगावचा कॉल लोणावळ्याला लागायचा. "लाइटनिंग लावा," आई एकदा वैतागून म्हणाली, तर म्हणाले, "चार्ज जास्त पडेल. आलेपाकाच्या दोन वड्या." कॅसेटींचं बुटांचं खोकं माळ्यावर गेलं.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्यात गाडीची बॅटरी संपली. नवी बसवली, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. टेपच्या काचेवर मात्र चार इंग्रजी अक्षरं उमटली : कोड. वीज तुटली की आपली चोरी झाली असं समजून तो मालकाची खूण विचारत होता. चोरासाठी केलेली व्यवस्था. चार आकडे, ते गाडीबरोबर मिळालेल्या एका कार्डावर लिहिलेले. आणि ते कार्ड अप्पांनी नीट ठेवलं होतं.

घर उलथंपालथं झालं. विम्याच्या फायलीत 1978 सालची रॉकेलची पावती निघाली, कार्ड नाही. कंपनीने टाकलेला आकडा आमच्या घरातल्या कुणाच्या जन्माचा असणं शक्य नव्हतं, तरी आम्ही तेच आकडे दाबत राहिलो. "लग्नाचं साल टाका," आई म्हणाली. अप्पांनी 1973 टाकलं. टेप गप्प. आई त्याहून गप्प. "चौऱ्याहत्तर," ती थोड्या वेळाने म्हणाली. आणखी एक चुकलं तेव्हा टेपने बोलणंच बंद केलं. कंपनी फिटेड माणूस रुसतो तसाच. कारण न सांगता आणि समजूत काढायला कुठेही जागा न ठेवता. महिनाभर आम्ही गाडीतून इंजिन ऐकत हिंडलो.

गणेश चतुर्थीला गुरुजींनी सकाळी फोन करून सांगितलं की त्यांच्या यादीत आमचा नंबर दुपारी तीनचा आहे. आईने मला माळ्यावर चढवलं. बुटांचं खोकं, त्यात तळाशी गणेशपूजनाची कॅसेट, सात वर्षांपूर्वी... नाही, नऊ वर्षांपूर्वी एकदाच वाजलेली. डबी उघडली आणि कॅसेटच्या आधी एक पांढरं कार्ड मांडीवर पडलं. चार आकडे.

"बरोबर," अप्पा शांतपणे म्हणाले, जणू ते तिथेच असल्याचं त्यांनी रोज सांगितलं होतं. "चोर टेप नेईल, गाणीही नेईल. पूजा कशाला नेईल?"

गणपती पाटावर तसाच ठेवून आम्ही दोघं सोवळ्याने गाडीत जाऊन बसलो. त्यांनी एकेक आकडा दाबला. काचेवरचा हिरवा दिवा लागला, आत काहीतरी खट्‌ झालं, आणि महिनाभर पोटात अडकून पडलेली ती वायरवाली कॅसेट किरकिर फिरू लागली. तिची पिन माझ्या गुडघ्याशी मोकळी लोंबत होती. आयपॉड वर घरात, टीव्हीशेजारी.

मी ते सांगायला तोंड उघडलं, तर अप्पांनी हात वर केला. आवाजाचा नॉब त्यांनी पूर्ण उजवीकडे नेला, कान स्पीकरजवळ नेला आणि कितीतरी वेळ ऐकलं. खरखर नाही, शिटी नाही, किचन नाही. काहीच नाही.

"बघ," ते म्हणाले. "लाइन क्लिअर."