एकच चक्कर रे!

आपल्याकडे घोडा आहे असं कळलं की मराठी माणूस दोनच प्रश्न विचारतो. पहिला, 'केवढ्याला पडला?' दुसरा, 'बसू का?' पहिल्याचं उत्तर ऐकून त्याचे डोळे पांढरे होतात, पण म्हणून दुसरा प्रश्न टळत नाही. एवढी महागाची चीज फुकटात वापरून बघण्याची हौस उलट दुणावते.

'बसू का?' विचारणारा माझा एक मित्र स्वतःची बुलेट मात्र कुणाला देत नाही. सख्खा मेव्हणा आला तरी किल्ली खिशातच. 'गाडीला एकच हात हवा, दुसऱ्याचा हात लागला की बिघडते,' हे तत्त्वज्ञान तो चहा पिता पिता ऐकवतो. म्हणजे लोखंडाला एकाच हाताची सवय असते, आणि साडेतीनशे किलोच्या जित्या घोडीला मात्र अख्खा मित्रपरिवार चालतो. बुलेट निदान भित्री नसते. समोर प्लॅस्टिकची पिशवी उडाली म्हणून ती बांधावरून शेजारच्या उसात शिरत नाही.

अनुभव तर सगळ्यांच्याच गाठीशी असतो. 'अरे, माथेरानला बसलोय की!' माथेरानात मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापुढे घोड्याला पर्याय थोडेच. त्या घोड्याला लाल मातीची ती वाट पाठ असते. त्याचा मालक लगाम धरून पुढे चालतो, नाहीतर 'पुढे झुका, मागे झुका' ओरडत शेजारून पळतो. तिथे घोडे माणसं नेतात तसा मालही वाहतात. पाठीवर चिंचवडचा मॅनेजर आहे की गॅसचा सिलिंडर, याच्याशी त्या घोड्याला काही देणंघेणं नसतं. सिलिंडर निदान वाटेत सेल्फी काढत नाही.

दुसरा अनुभव वरातीचा. 'लग्नात बसलो होतो ना, तूच नाचत होतास समोर.' होतो. कानाशी बँड, पायाशी फटाके, मागे जनरेटरची गाडी आणि या सगळ्यात ती पांढरी घोडी ढिम्म. हे तिला शिकवलेलं असतं, आणि नवरदेवाला तर त्या दिवशी कुणी काही शिकवलेलंच नसतं. दोन्ही बाजूंनी माणसं धरून असतात. एक घोडीला धरतो, दुसरा नवरदेवाला. त्या फेरीत घोडेस्वारी कुणी केली असेल तर त्या मुंडासेवाल्या घोडेवाल्याने, तीही पायी चालून.

तिसऱ्या वर्गाला मात्र अनुभवाचीही गरज भासत नाही. 'आपण मावळातले रे, रक्तातच आहे!' छातीवर हात, मोबाइलच्या स्टेटसला अश्वारूढ पुतळा. आता रक्ताचाच विषय काढलाय तर तो नीट बघू. शिवकाळात घोडं आणि हत्यार घरचं घेऊन येई तो शिलेदार. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे तो बारगीर. माझे मित्र अर्थातच दुसऱ्या प्रकारात मोडतात, फक्त बारगिराला जी शिस्त होती तिचा त्यांना पत्ता नाही. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत ती सगळी व्यवस्था दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, आणि २५ घोड्यांमागे पाणी आणायला एक पखालजी नि नाल ठोकायला एक नालबंद. रक्तात आहे म्हणून कुणाच्या हातात लगाम दिलेला नाही. घोडं मिळालं की डोक्यावर हवालदारही मिळायचा.

चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा नि वैरण आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत, तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यांनी बजावलं आहे. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गंजीला आग लागेल, इथवर त्या पत्रातली काळजी जाते. राज्य चालवणारा माणूस उंदराच्या वाटा मोजतो. आणि आमचा रक्तवाला मावळा तबेल्यात सिगारेट ओढत येतो, थोटूक कडब्याच्या गंजीशेजारी विझवतो आणि विचारतो, 'हिचा गिअर कुठेय?'

बसण्याआधी मी वजन विचारतो. इथे मैत्रीला पहिला तडा जातो. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा की घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाठीवर घ्यावा, आणि त्यात खोगीरही आलं. माझी मारवाडी घोडी साडेतीनशे किलोची. म्हणजे झाले सत्तर, त्यातून खोगीर वजा करा. उरतो तो आकडा आमच्यापैकी बहुतेकांनी कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या फोटोनंतर पाहिलेला नाही. 'ऐंशी असेल,' मित्र म्हणतो. कुठल्या दिवाळीचं, ते सांगत नाही. म्हणून मी चंदीची पोती मोजायचा काटाच पुढे ठेवतो. त्यावर चढायला मात्र कुणी 'एकच चक्कर रे' म्हणत नाही.

तरी एखादा वजनात बसतोच. मग पुढचा खेळ सुरू होतो. पायात फ्लोटर्स, नाहीतर जाड तळव्याचे स्पोर्ट्स शूज, जे रिकिबीत अडकले तर पडल्यावरही सुटत नाहीत. हेल्मेट नको, कारण फोटोत चेहरा दिसत नाही. मांड म्हणून काही नाहीच. तोल गेला की माणूस जे हाताला लागेल ते धरतो, आणि हाताला लागतो लगाम. लगामाची कडी असते घोडीच्या तोंडात, पुढचे दात नि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, जिथे हाडावर हिरडीचं पातळ आवरण तेवढं असतं. हा तिथे लोंबकळतो. आणि पडू नये म्हणून पाय आवळतो, म्हणजे दोन्ही टाचा बरगड्यांत. हात म्हणतात थांब, टाचा म्हणतात पळ. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवून ती उडवणारं जनावर आहे ते. त्याला या दोन्ही आरोळ्या एकदम ऐकू येतात. शहाणी घोडी असेल तर उभी राहते. तरणी असेल तर मागच्या दोन पायांवर उभी राहते.

आणि खाली उतरल्यावर, उतरण्याचा प्रकार कोणताही असो, मित्र एकच निष्कर्ष काढतो: 'खोडील आहे तुझी घोडी.'

हा शेरा मारून तो पुण्याला जातो. पुढचे कित्येक दिवस मी त्या घोडीच्या तोंडाशी हात नेला की ती मान वर झटकते. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी, त्यातून दुखलेलं तो सहज विसरत नाही. हलक्या हाताला उत्तर देणारी घोडी अशा दहा लोंबकळ्यांनंतर तोंडाची कडक होते. मग तिला ओढायला आणखी जोर लागतो, त्या जोराने ती आणखी कडक होते. तिचं तोंड पुन्हा मऊ करायला जे महिने जातात त्याचे फोटो कुणी मागत नाही.

'पडलो तर माझी जबाबदारी,' असं उदारपणे सांगणारेही असतात. कायद्याने एवढ्यावर भागत नाही. भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम जनावर ज्याच्या ताब्यात त्याला धरतं. माणसाला संभवणारा धोका टाळायची पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात मित्रासाठी वेगळी सवलत दिसत नाही. आणि ज्यांना वाटतं की पडून पडून काय होणार, त्यांच्यासाठी क्रिस्टोफर रीव्ह. पडद्यावर सुपरमॅन म्हणून उडणारा हा नट घोडेस्वारी शिकलेला होता, स्पर्धांत उतरायचा, १९९५ मध्ये हेल्मेट घालून घोड्यावर बसला होता. अडथळ्यापाशी घोडा थांबला, हा पुढे डोक्यावर आपटला, आणि २००४ मध्ये मरेपर्यंत मानेखाली लुळा राहिला. एवढं सांगितलं की समोरचा क्षणभर गंभीर होतो. मग म्हणतो, 'आपण काय उडी मारायची नाहीये. फक्त चालवायची.'

मित्रांना एवढं झोडपल्यावर मालकांनाही सोडून चालणार नाही. घोडेमालक ही जात काही कमी नाही. आपणच सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठच्या त्या धुळीत फिरून, भोवरे बघून, घासाघीस करून घोडी आणतो. घरी आल्यावर पाहुणे बोलावतो. खरारा करतो, आयाळ विंचरतो, शेपटीला तेल लावतो, चार पाय नि कपाळ पांढरं असेल तर 'पंचकल्याणी' हा शब्द दर तिसऱ्या वाक्यात पेरतो. मग मित्राच्या बायकोसमोर अगदी सहज म्हणतो, 'वहिनी, बसून बघायचंय?' घोडी नीट चालली तर श्रेय आपल्या शिकवणीचं. वहिनी घसरल्या तर त्यांनी ओढणी उडवली. सोशल मीडियावर घोड्यासोबतचे फोटो टाकून 'बसायला मिळेल का' या प्रश्नाने त्रासून जाणारा माणूस मला ढोंगी वाटतो. ज्याला खरंच कुणी बसू नये असं वाटतं तो घोड्याचा फोटो डीपीला लावत नाही. नालबंदाची वाट बघत बसतो, कारण तो कधीच वेळेवर येत नाही.

आणि लहान मुलांना बसवणारे आईबाप हा तर वेगळाच प्रकार. शिवजयंती आली की पाच वर्षांच्या पोराला जिरेटोप, दाढी, तलवार चढवायची आणि ढोलताशांत घोड्यावर ठेवायचं. पोर रडतंय, दाढी निघतेय, आई ओरडतेय, 'तलवार वर कर!' इथेही घोड्यालाच समजूतदारपणा दाखवावा लागतो.

मी नाही म्हणणं सोडून दिलंय. मी हो म्हणतो. फक्त रविवारी सकाळी सहाला या म्हणतो. आधी लीद उचलायची, मग खरारा, मग खुरांतली माती आकड्याने काढायची, आणि ती काढताना घोडीच्या मागे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. मग लांब दोरीच्या टोकाला ती गोल फिरणार, दोरी माझ्या हातात, लगाम तुमच्या हातात नाही. तोल स्वतःचा स्वतः सांभाळायचा. असे काही रविवार झाले की लगाम.

आमच्या एका मित्राची दहा वर्षांची मुलगी हे सगळं निमूट करते. लिदीचं घमेलं तिला उचलत नाही, ओढत नेते. परवा हात पसरून, डोळे मिटून, दुडकीवर दोन फेऱ्या बसली. बाप कुंपणाबाहेरून व्हिडिओ काढत होता. बाकीच्यांना मी ग्रुपवर रविवारची वेळ नि कामांची यादी पाठवली होती. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बुलेटवाल्याचं उत्तर आलं: 'घोडी राहू दे रे. हुरडा कधी आहे ते सांग.'