एक्सल गुरुजी

अमरावती-अकोला रस्त्यावर घाई नसलेला माणूस सापडणं कठीण. कुणाला कोर्टाची तारीख गाठायची असते, कुणाला भाव पडायच्या आत कापूस जिनिंगवर न्यायचा असतो, कुणाला मूर्तिजापूरच्या लग्नाची निदान दुसरी पंगत तरी. अशा या रस्त्यावर वाहतूक तुंबली की ज्याचा चेहरा खुलतो, असा एकच इसम वऱ्हाडात आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. खरं नाव रेशनकार्डावर असेल. बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंतचे चहावाले, पंक्चरवाले आणि पंपावरची पोरं त्यांना एक्सल गुरुजी म्हणतात.

गुरुजींना नाद आहे तो अवाढव्य ट्रेलर बघण्याचा, त्यांचे फोटो काढण्याचा आणि चाकं मोजण्याचा. दहा चाकी, बारा चाकी ट्रक म्हणजे त्यांच्या लेखी किरकोळ बाजार. साध्या वाहनाची रुंदी कायद्यानं २.६ मीटरच्या आत असावी लागते. त्या मापात जो बसला तो गुरुजींच्या मनातून उतरला. माल मापाबाहेर गेला, त्याला वेगळी परवानगी लागली, पुढं लाल झेंड्यांची जीप आणि मागं शिट्टीवाला माणूस आला, की गुरुजींच्या अंगात वारं भरतं. अशा मालाला रस्त्यावरची मंडळी ‘ओडीसी’ म्हणतात आणि तो ओढणाऱ्या गाडीला ‘पुलर’. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे काकू, दोघांनाही ‘सवत’ म्हणतात.

घर त्यांचं बडनेऱ्याला, राष्ट्रीय महामार्ग ५३ पासून हाकेच्या अंतरावर. हा रस्ता गुजरातेतल्या हजिऱ्याहून निघतो आणि धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर करत ओडिशातल्या पारादीपला समुद्राला लागतो. म्हणजे एका टोकाला अवजड यंत्रांचे कारखाने, मधे वीजकेंद्रं आणि पोलादाचं भिलाई, दुसऱ्या टोकाला बंदर. ‘देवानं माह्या दारातून गंगा नेली,’ असं गुरुजी म्हणतात. पारसला २५० मेगावॅटचे दोन संच आणि नांदगाव पेठेला २७० मेगावॅटचे पाच संच उभे राहत होते, तो त्यांच्या मते वऱ्हाडाचा सुवर्णकाळ. पुढं तिरोडा-कोराडी-अकोला-संभाजीनगर ही ७६५ केव्हीची वाहिनी झाली, तेव्हा गावात लोडशेडिंग कमी होईल का याची चर्चा होती. गुरुजींना एवढंच विचारायचं होतं की ट्रान्सफॉर्मर कोणत्या रस्त्यानं येणार.

त्यांचं खबऱ्यांचं जाळं पोलिसांनाही हेवा वाटावं असं. अकोल्याहून ट्रेलर हलला की बोरगाव मंजूचा पंक्चरवाला फोन करतो, ‘गुरुजी, मोठं धूड येऊन राह्यलं.’ मग कुरणखेडचा टपरीवाला, मग मूर्तिजापूरच्या पंपावरचा पोरगा. एसटीचे कंडक्टरही यात सामील आहेत. गाडी त्या धुडामागं अडकून प्रवासी शिव्या देत असतात आणि कंडक्टर खिडकीतून मान काढून गुरुजींसाठी चाकं मोजत असतो. ‘सायेब, मांगची दोन चाकं टेकली नव्हती, ते धरू का नाही?’ असे तांत्रिक प्रश्नही येतात.

गुरुजींची वही म्हणजे जुनं शाळेचं हजेरीपत्रक. नावांच्या जागी ट्रेलर. रकाने आखलेले: तारीख, ठिकाण, पुलरची जात, एक्सलच्या ओळी, चाकं, माल, दिशा आणि शेवटी शेरा. शेरे मात्र शिक्षकी वळणाचे. ‘वळणावर उत्तम.’ ‘चढावर धाप लागते.’ ‘ताडपत्री घट्ट बांधल्यामुळे मालाचे दर्शन नाही, सबब अर्धे गुण.’ पवनचक्कीच्या पात्याला त्यांनी एकदा लिहिलं होतं, ‘उंची भरपूर, वजन बेताचे. आहाराकडे लक्ष द्यावे.’

फोटोचं शास्त्र वेगळंच आहे. एवढं लांब वाहन मोबाइलमध्ये मावत नाही. दूर जावं तर मधे संत्र्याची बाग येते, जवळ जावं तर नुसती चाकं येतात. पॅनोरामा करून पाहिला, तर सरळसोट ट्रेलर केळ्यासारखा वाकून आला आणि गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी उपाय निघाला तो मापाचा. फोटोत माल किती मोठा आहे हे कळायला शेजारी ठरावीक उंचीची वस्तू हवी. घरात ठरावीक उंचीच्या काकू होत्या, पाच फूट एक इंच. तेव्हापासून प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात काकू उभ्या आहेत. कधी भाजीची पिशवी घेऊन, कधी डोक्यावर पदर घेऊन, कधी लग्नाला निघालेल्या शालूत, आणि चेहऱ्यावर नेहमी एकच भाव. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘आमच्या लग्नाचा एकच फोटो हाय बाई, तोही हाललेला. पन ट्रान्सफॉर्मरसंगं माहे दोन अल्बम हायेत.’

ड्रायव्हर मंडळी बहुतेक उत्तरेकडची. गुरुजींचं हिंदी बडनेरा स्टेशनाच्या पलीकडं कधी गेलेलं नाही. चष्मा, वही, खिशाला दोन पेनं, आणि वर ‘भाऊ, ये कितने टन का हय?’ असा दरडावल्यासारखा प्रश्न. लोणीजवळ एका ड्रायव्हरनं त्यांना कुठल्यातरी खात्याचे साहेब समजून कागदांची फाईल पुढं केली. फाईलमध्ये घडी घातलेल्या दोन नोटाही होत्या. गुरुजींनी नोटा काढून त्याच्या हातात परत दिल्या, कागदावरची लांबी, रुंदी, उंची वहीत उतरवून घेतली, आणि वर घरून आणलेली भाकरी-ठेचा त्यालाच खाऊ घातला. ड्रायव्हर पुढच्या नाक्यापर्यंत आरशात मागं बघत होता म्हणतात. असा साहेब त्यानं साऱ्या हिंदुस्थानात पाहिला नसावा.

पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हाची गोष्ट. अकोल्याचं स्थळ. कांदेपोहे अकराला ठरलेले, पाहुणे आले दुपारी दोनला. मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, ‘माफ करा, कुरणखेडपासून एक अजस्र ट्रेलर पुढं होता.’ घरातले पंखा लावायला धावले. गुरुजी मात्र नवऱ्या मुलाकडं वळून म्हणाले, ‘किती चाकं होती?’ मुलगा इंजिनिअर. तो हसून म्हणाला, ‘असतील शंभरेक.’ गुरुजींचा चेहरा पडला. पाहुणे गेल्यावर त्यांनी निकाल दिला: ‘तीन तास त्याच्या मांगं होता आन् अंदाजपंचे सांगतो. हा पोरगा संसाराचा हिशेब काय ठेवीन?’ पुढचं स्थळ काकूंनी परस्पर ठरवलं आणि पाहुण्यांना बजावून रेल्वेनं बोलावलं.

याच रस्त्यानं २०२२ साली जगात नाव काढलं. लोणी ते माना या टप्प्यात ३ ते ७ जूनच्या दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, तिकडं २५ किलोमीटरला दहा दिवस लागले होते. सगळं वऱ्हाड छाती फुगवून फिरत होतं. गुरुजींनी आधी हिशेब दुरुस्त केला: ७५ किलोमीटर एका लेनचे, दोन लेनचा रस्ता धरला तर साडेसदतीस. मग म्हणाले, ‘जगात सगळ्यात वेगानं बांधलेला रस्ता, आन् त्याच्यावरून सगळ्यात हळू जानारी गाडी. दोन्ही पाहाले भेटते फक्त आपल्याकडं.’

हळू जाणाऱ्याबद्दल त्यांना खरंच माया आहे. महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी एक प्रचंड यंत्र ७४ चाकी ट्रेलरवरून जुलै २०१९ मध्ये निघालं आणि जुलै २०२० मध्ये पोहोचलं. वाटेत लॉकडाऊन, अरुंद पूल, विजेच्या तारा. सरासरी काढली तर दिवसाला पाचेक किलोमीटर. ती बातमी गुरुजींनी देवघरात लावली आहे. तो ट्रेलर वऱ्हाडातून गेला नाही, हा मात्र विदर्भावर झालेला अन्याय आहे आणि अनुशेषात त्याची नोंद व्हावी, असं त्यांचं ठाम मत आहे.

गुरुजींना हसणं सोपं आहे, पण त्यांच्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की आपलं तोंड बंद होतं. ते समजावतात: ‘पूल तुटतो वजनानं नाही, एका जागी पडलेल्या वजनानं. म्हनून चाकं वाढवाची.’ या ट्रेलरच्या एका ओळीत आठ चाकं असतात. प्रत्येक ओळ वळते, आणि तेलाच्या दाबावर वरखाली होते, म्हणजे रस्ता कुठंही कलला तरी वरचा माल सपाट. पुढं चालणारी पोरं बांबूनं तारा उचलतात. मागचा माणूस पायी चालत शेपटाकडची वळणं सांभाळतो. आपण हॉर्न वाजवत असतो तेव्हा ही दहा-पंधरा माणसं एका गावाची वीज इंचाइंचानं पुढं सरकवत असतात.

१० एप्रिल २०२२ ला इटारसीजवळ सुखतव्याचा इंग्रजी अमलातला पूल १३८ चाकी ट्रेलरसकट खाली बसला. तो दिवस गुरुजींनी सुतक पाळल्यासारखा काढला. संध्याकाळी वही उघडली आणि गणित मांडलं. १३८ आठाच्या पाढ्यात येत नाही. त्यातले १० पुलरचे काढले तर उरले १२८, म्हणजे सोळा ओळी. तिरुवनंतपुरमचे ७४ घ्या. दहा गेले, उरले ६४, म्हणजे आठ ओळी. ‘पेपरवाले वढनाऱ्याची चाकंही मोजतात,’ ते म्हणाले, ‘पोरं बी हेच चुकत होती. हातचा वजा करत नोयते.’

इंग्लंडात एका वाहतूक कंपनीच्या ट्रकांना बाईची नावं द्यायचे, सुरुवात ट्विगी या मॉडेलच्या नावानं झाली, आणि ती नावं टिपत फिरणाऱ्या शौकिनांचा तिथं क्लबही होता, असं कुणीतरी गुरुजींना सांगितलं. त्यांनी काकूंकडं पाहिलं. काकू म्हणाल्या, ‘माह्यं नाव कोन्या ट्रकाले देसान, तर म्या माहेरी जाईन. पायी. त्याच्याहून लवकर पोचते.’

तेव्हा बडनेरा ते मूर्तिजापूरच्या मधे कधी अडकलात, तर हॉर्न वाजवू नका. त्यानं ट्रेलर पळत नाही, फक्त गुरुजींचा व्हिडिओ बिघडतो. गाडी बंद करा, खाली उतरा, चाकं मोजा आणि पुढच्या टपरीवर आकडा सांगून जा. ओढणाऱ्याची दहा तेवढी वेगळी सांगा.