साडेसहाशे शब्दांचा प्रांजळपणा

अमेरिकेतील ‘कॉमन ॲप’, म्हणजे एकच अर्ज अनेक महाविद्यालयांना पाठविण्याची १९७५ पासूनची सामाईक व्यवस्था, अर्जदाराकडून जास्तीत जास्त ६५० शब्दांचा वैयक्तिक निबंध मागते. त्यासाठी सुचविलेल्या सात विषयांपैकी सातवा ‘कोणताही विषय’ असल्याने उरलेल्या सहांचे प्रयोजन काय, हे मात्र गूढच आहे. निबंधाचा सूर नम्र असावा, पण ती नम्रता नजरेत भरावी. संकट खरे असावे, परंतु अर्जाच्या मुदतीपूर्वी त्यावर मात झालेली असावी. खेळातील दुखापत आणि परदेशातील सेवासहल हे विषय समुपदेशकांनी, म्हणजे तासाच्या दराने उत्स्फूर्तता शिकविणाऱ्या व्यावसायिकांनी, केव्हाच शिळे ठरविले आहेत. शाळेत फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त बिनचूक लिहिणारा पुण्याचा अर्जदार स्वतःच्या आत्मवृत्तापाशी अडतो, कारण त्याचे तयार मुद्दे फळ्यावर कोणी लिहून दिलेले नसतात.

या निबंधामागची, गुणांपलीकडचे ‘चारित्र्य’ तपासण्याची प्रथा हार्वर्डसारख्या विद्यापीठांत १९२० च्या दशकात रुजली, तेव्हा परीक्षेत सरस ठरणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आटोक्यात ठेवणे हा तिचा एक हेतू होता. चारित्र्याची व्याख्या अर्थातच तपासणाऱ्यांच्या हाती होती. २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात वंशाधारित प्रवेशपद्धत घटनाबाह्य ठरविली, तरी वंशाचा स्वतःच्या आयुष्यावर झालेला परिणाम निबंधात मांडण्याची मुभा राहिली, आणि त्यामुळे पूर्वी चौकटीतील एका खुणेने भागणाऱ्या माहितीसाठी सतरा वर्षांच्या मुलाला आता प्रसंग, कलाटणी आणि बोध यांची जुळवाजुळव करावी लागते.