एक्याण्णवकर

माणसाला गावावरून आडनाव चिकटतं. आमच्या ऑफिसातल्या ज्या इंग्रज गृहस्थांना मी मनातल्या मनात एक्याण्णवकर म्हणतो, त्यांचं गाव मात्र कुठल्याच नकाशावर नाही. ते १९९१ सालचे. त्यांचं घरदार तिथं, जमीनजुमला तिथं, कुलदैवतही तिथलंच. आमच्या काळात ते फक्त पगारापुरते येतात.

कुलदैवत म्हणजे एक हिरवा टेरोडॅक्टिल. डायनोसॉरच्या काळातला, चामडी पंखांचा उडता प्राणी. एक्याण्णवकर त्याला नुसतं ‘पक्षी’ म्हणतात. तो पक्षी नव्हे, सरपटणाऱ्यांच्या कुळातला, असं मी एकदा सांगून पाहिलं. “त्याच्या पंजात तू होतास की मी?” त्यांनी विचारलं. विषय संपला.

ज्यांना या दैवताचं माहात्म्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडातल्या लेस्टर गावात डब्ल्यू इंडस्ट्रीज नावाची कंपनी होती. जोनाथन वॉल्डर्न या संशोधकाने काढलेली. तिने ‘व्हर्च्युॲलिटी’ नावाची यंत्रं बनवली आणि नाणी टाकून खेळायच्या आर्केडांमध्ये नेऊन उभी केली. त्या यंत्रावरचा सगळ्यांत गाजलेला खेळ ‘डॅक्टिल नाइटमेअर’, साल अर्थातच १९९१. कमरेइतक्या उंच गोल कठड्यात उभं राहायचं. डोळे-कान झाकणारा टोप डोक्यावर, हातात दांडा. अंगठ्याखालचं बटण दाबलं की चालायचं, बोटाखालचा चाप ओढला की गोळा उडायचा. समोर काळ्या पोकळीत तरंगणारे चौकटीच्या फरशीचे चौथरे, त्यांना जोडणारे जिने, आणि कुठल्यातरी खांबाआड शेजारच्या कठड्यातला माणूस तुम्हाला शोधतोय. त्याचा गोळा लागला की तुमच्या देहाचे तुकडे होऊन उडत. मग पुन्हा अखंड होऊन सुरुवात. आणि डोक्यावर तो पक्षी घिरट्या घालत असे. गाफील सापडलात की उचलून वर न्यायचा आणि सोडून द्यायचा. सगळा मामला सुमारे तीन मिनिटांचा.

ही तीन मिनिटं एक्याण्णवकरांना एकदा लाभली. एकदाच. तिसाहून अधिक वर्षं झाली, अजून संपलेली नाहीत.

त्यांना भेटायला वेगळी वेळ घ्यावी लागत नाही. कुणाच्या तोंडून ‘व्हर्च्युअल’ हा शब्द निघाला, अगदी ‘मीटिंग व्हर्च्युअल ठेवू’ एवढ्यापुरता निघाला, तरी ते खुर्ची वळवतात. दोन्ही तळवे कानशिलांना लावतात, मान किंचित पुढे झुकवतात. हा टोपाचा अभिनय. मग वजन सांगतात. मी नोकरीला लागलो तेव्हा तो टोप दोन किलोंचा होता. माझ्या बढतीच्या सुमारास साडेतीन झाला. मध्यंतरी त्यांची मान आखडली आणि एकदम पाचावर गेला. निवृत्तीच्या दिवशी तो उचलायला क्रेन लागणार, असा माझा हिशेब आहे.

जागाही ठरलेली नाही. प्रसंग कधी लंडनला घडतो, कधी नॉटिंगहॅमला, ऐकणारा ब्लॅकपूलचा निघाला तर समुद्रावरच्या धक्क्यावर. रांग मात्र प्रत्येक गावात लांबच लांब असते. पक्षी पहिल्या सांगण्यात कावळ्याएवढा दूर दिसतो, तिसऱ्यात डबलडेकर बसएवढा. तिकिटाची रक्कम तेवढी दर वेळी बिनचूक तीच. इंग्रज माणूस बाकी काहीही विसरेल, दिलेले पौंड विसरत नाही.

आता खरं सांगायचं तर त्यांचा राग येतो तो ते थापा मारतात म्हणून नाही. बरंचसं खरं असतं, म्हणून येतो. मी चिडून एकदा सगळं धुंडाळलं आणि तोंडघशी पडलो. मान वळवली की आतलं जग वळायचं. डोकं कुठे आहे हे यंत्राला चुंबकीय क्षेत्रावरून कळायचं. खेळणारे चौघे एकाच जगात एकमेकांना दिसायचे, पडायचे, उठायचे. हे सगळं चालवणारा संगणक होता अमिगा ३०००. म्हणजे ज्या घराण्याच्या धाकट्या यंत्रांवर त्या काळची पोरं घरी गेम खेळत, त्यातलाच थोरला भाऊ, जोडीला चित्रं काढणारे जादा चिप. एका डोळ्यासमोर ठिपके किती, तर २७६ गुणिले ३७२. जेमतेम एक लाख. त्या एक लाख ठिपक्यांत चौथरे, जिने, शत्रू आणि कुलदैवत. चित्र डोक्यामागून जरा उशिराने यायचं, आणि त्या उशिरापायी कित्येकांच्या पोटात ढवळायचं. पण हाताकडे पाहिलं तर तिथं हात होता, हातात बंदूक होती. १९९१ मध्ये! मी त्या वर्षी दूरदर्शनवर समोर दिसेल ते पाहत होतो.

म्हणून ‘पहिल्यांदाच’ हा शब्द एक्याण्णवकरांना सोसत नाही. २०१२ साली पामर लकी नावाच्या कोवळ्या पोराने ऑक्युलसच्या चष्म्यासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी काढली, आणि दोन वर्षांत फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरना घेतली. बातमीत कुठेतरी ‘पहिल्यांदाच’ होतं. एक्याण्णवकर आठवडाभर सुतकात. दोन अब्जांचं त्यांना काही नव्हतं. “त्या मुलाचा जन्म कधीचा?” एवढंच ते विचारत फिरले. जन्म निघाला १९९२ चा. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिलं नाही.

मधल्या वर्षांतल्या मेलेल्या यंत्रांचं श्राद्धही तेच घालतात. सेगाने टोप जाहीर केला, प्रदर्शनांत दाखवला आणि बाजारात आणलाच नाही. निन्टेंडोचा १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ आला तो सगळं जग लाल दाखवत. “डोळे आलेल्या माणसाला दिसतं तसं,” असं त्यांचं मत, आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. वर्षभरात तोही गेला. एक्याण्णवकर ही नावं घेताना आवाज उतरवतात, पण त्या उतरलेल्या आवाजात थोडी गंमत असते. आपल्यानंतर आलेले आपल्याआधी गेले, ही.

नवं यंत्र आलं की पाहायला मात्र जातात. जातात आणि एकच प्रश्न विचारतात: “यात पक्षी आहे का?”

२०२४ च्या उन्हाळ्यात अॅपलचा व्हिजन प्रो इंग्लंडात विकायला आला. किंमत ३,४९९ पौंड. आम्ही दोघं बघायला गेलो. दुकानातल्या तरुणाने अतिशय आस्थेने त्यांच्या डोक्याचं माप घेतलं, चष्म्याची चौकशी केली, यंत्र चढवलं. दोन डोळ्यांना मिळून सव्वादोन कोटींच्या वर ठिपके आहेत, असं मी बाजूने पुटपुटलो. एक्याण्णवकरांनी प्रश्न विचारला. तरुण क्षणभर गडबडला, मग उजळला. पक्षी नाही, पण डायनोसॉर आहे! दाखवला. भिंत उघडते आणि पलीकडून एक धूड खोलीत डोकावतं, तुमच्याकडे रोखून बघतं. कुठला म्हणाल तर राजासॉरस. आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातला! माझी छाती उगाचच फुगली. जणू आमच्या आळीतलाच कुणी अॅपलमध्ये लागला होता. एक्याण्णवकरांनी त्याला हात लावून पाहिला, इकडून तिकडे वाकून पाहिलं. बराच वेळ गेला.

“छान आहे,” यंत्र उतरवत ते म्हणाले. “पण उचलून नेत नाही.”

तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मी राजासॉरसच्या देशातला माणूस, मी काय बोलणार?

ती पक्ष्याची लेस्टरवाली कंपनी बुडाली कशी, यावर त्यांचे सिद्धान्त आहेत. १९९३ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात तिचे शेअर आले, १९९७ मध्ये ती बसली. एक्याण्णवकर हे अशा सुरात सांगतात की त्यांची वडिलोपार्जित ठेव त्यात गेली असावी. एकही शेअर नव्हता. “लोकांना कळलं नाही,” हा पहिला सिद्धान्त. “काळाच्या पुढे होतं,” हा दुसरा. तिसरा अमेरिकेविषयी आहे, तो मी इथे छापत नाही.

हिशेब मात्र साधा होता. आर्केडात शेजारी ‘स्ट्रीट फायटर २’, तोही १९९१ चाच. पोरगं एक नाणं टाकायचं, हरायचं, दात-ओठ खाऊन दुसरं टाकायचं. मालकाला तिकडे बघावंही लागत नसे. या यंत्रापाशी मात्र एक माणूस कायमचा पगारी उभा. तो गिऱ्हाइकाला कठड्यात घेणार, टोप चढवणार, बटणं समजावणार, खेळ झाल्यावर उतरवणार, आतला घाम पुसणार. तीन मिनिटांच्या लढाईसाठी पाच मिनिटांची वेशभूषा. अमेरिकेत एका खेळाचे चार-पाच डॉलर पडत. यंत्र स्वतः एवढं महाग की वसूल व्हायचं तर त्याच माणसाने पुन्हा पुन्हा यायला हवं. आणि माणूस पुन्हा येत नसे. तो बाहेर पडायचा, मित्रांना सांगायचा, सांगत राहायचा.

“तुम्ही पुन्हा का नाही गेलात?” मी एकदा सरळ विचारलं.

एक्याण्णवकरांनी कॉफी ढवळली. तिच्यात साखर नव्हती.

“रांग होती,” ते म्हणाले.

खरी हकिगत मला त्यांच्या बायकोकडून कळली. दिवाळीला दोघं आमच्याकडे जेवायला आली होती. श्रीखंडाची दुसरी वाटी संपवून एक्याण्णवकरांनी तळवे कानशिलांना लावले. टोप त्या दिवशी सहा किलोंचा होता. माझी मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. पक्षी आला, सावली पडली, पंजे रुतले, वगैरे सगळं यथासांग झालं. बाई शांतपणे पुरी मोडत होत्या.

“पक्षी कुठला?” त्या म्हणाल्या. “मी होते.”

निघालं ते असं. दोघांचं नुकतंच जमलं होतं. तिकिटं दोन काढली होती, शेजारशेजारच्या कठड्यांत दोघं उभी होती. ह्यांचं पहिलं मिनिट टोप नाकावरून वर सरकवण्यात गेलं. दुसऱ्यात ते एका खांबाकडे तोंड करून चालत राहिले. बाईंना चाप लगेच सापडला. “समोर पाठमोरा कुणीतरी होता, म्हणून मारलं. तो उठला, पुन्हा मारलं. मला वाटलं कुणी अनोळखी आहे.” तीनदा. मॉनिटरवर बघणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पक्षी तिकडे कुठल्यातरी चौथऱ्यावर आपला रिकामा फिरत होता.

“तू टोप घातला होतास. मला काय दिसत होतं ते तुला काय माहीत?” एक्याण्णवकर म्हणाले. कायद्याने यात चूक काढता येणार नाही.

आता लेस्टर आमच्यापासून गाडीने फार दूर नाही. तिथल्या हौशी मंडळींनी ही जुनी यंत्रं माळ्यांवरून, गोदामांतून शोधून काढली आणि सुटे भाग जमवून पुन्हा चालती केली. एका रविवारी दोन यंत्रं लोकांना खेळायला मिळणार असं मला कळलं. मी कळवलं. उत्तरासाठी दोन दिवस लागले. बाईंचं मात्र ‘येते’ म्हणून लगेच आलं.

रांग होती. या वेळी ते उभे राहिले. पुढच्या-मागच्या पोरांना वजन, ठिपके, चुंबक, सगळं सांगून झालं. पाळी आली तेव्हा घसा बसला होता. दोघं आपापल्या कठड्यात चढली. मी मॉनिटरपाशी.

बाई पहिल्याच जिन्याने वर गेल्या. एक्याण्णवकर कुठेही गेले नाहीत. मधल्या चौथऱ्यावर उघड्यावर उभे राहिले, बंदूक खाली केली आणि मान वर करून वाट पाहू लागले. कठड्यात त्यांचे गुडघे किंचित वाकलेले, चेहऱ्याचा जेवढा भाग टोपाबाहेर होता तेवढ्यावर पोरवय आलं होतं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. आणि खरोखरच तो आला. चार-दोन हिरव्या त्रिकोणांचा, पंख फडफडवत, सरळ त्यांच्यावर. “आला!” ते ओरडले. “आला, आला!”

बाईंनी चाप ओढला. त्या खेळातला गोळा संथ असतो. तो रमतगमत, कमान करून गेला आणि पक्ष्याला लागला.

टोप उतरवायला दोघा स्वयंसेवकांना धावावं लागलं. “मला नेत होता तो!” एक्याण्णवकर थरथरत होते.

“मारत होता तुला. वाचवलं मी.”

“कुणी सांगितलं होतं वाचवायला?”

परतताना गाडीत हा विषय कुणी काढला नाही. सोमवारी कँटीनमध्ये मात्र नव्याने लागलेल्या दोन पोरांना गाठून ते सांगत होते की मूळच्या यंत्रात पक्ष्याला गोळी लागतच नसे. ती सोय मागाहून घातली, बायकामाणसांसाठी.