घरच्या घरी ईस्टर : कलमे, पोटकलमे आणि काकी

ईस्टर घरी साजरा करू इच्छिणाऱ्या कुटुंबांच्या सोयीसाठी खालील मार्गदर्शन तयार करण्यात आले आहे. ते मुख्यतः वसईतल्या घरांना लागू आहे. वांद्रे आणि गोवा येथील घरांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे. कलमांचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार आमच्या थोरल्या काकींकडे राहील. त्यांनी हे मार्गदर्शन वाचलेले नाही, आणि वाचावे असे त्यांना वाटतही नाही.

कलम १ : तारीख. २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा गाठावी आणि तिच्यापुढचा रविवार धरावा. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो. २०२४ मध्ये होळीची पौर्णिमा संपते न संपते तोच ३१ मार्चला आला, २०२५ मध्ये हनुमान जयंतीही मागे टाकून थेट २० एप्रिलला, २०२६ मध्ये ५ एप्रिलला. मार्चमधला ईस्टर परीक्षेत जातो आणि एप्रिलमधला उकाड्यात. काकी कॅलेंडर बघत नाहीत. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी त्या कांद्याची साले साठवायला लागतात, त्यावरून आम्ही समजतो.

कलम २ : झावळ्यांचे क्रूस. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातींचे क्रूस करणे हा मुलांना गुंतवण्याचा सर्वात स्वस्त उद्योग होय. पात ओली आहे तोवरच वळते. मिस्सा संपल्यावर गप्पा, मग जेवण, मग वामकुक्षी आणि मग हस्तकला असा क्रम ठेवणाऱ्यांच्या हातात मोडलेल्या काड्या येतील. लगेच बसता येत नसेल तर पाती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. झालेला क्रूस घरातल्या वेदीवरच्या तसबिरीमागे खोचावा. वर्षभराने त्या वाळलेल्या झावळ्या चर्चमध्ये परत जातात, जाळल्या जातात आणि त्यांचीच राख बुधवारी आपल्या कपाळावर येते. शाळेतून आलेले आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड अकरा महिन्यांनी कोणी परत मागत नाही, या दृष्टीने ही हस्तकला काकींना विशेष पसंत आहे.

कलम ३ : अंडी रंगवणे. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या मात्र उपवासाला बांधील नव्हत्या. चाळीस दिवसांचा साठा संपवायचा म्हणून ईस्टरला अंड्यांची चंगळ होऊ लागली. कवच फोडून बाहेर येणारा जीव म्हणजे रिकाम्या कबरीची खूण, हा अर्थ फादर प्रवचनात सांगतात. साठ्याची गोष्ट ते सांगत नाहीत, ती काकी सांगतात.

अंडी पांढरी, म्हणजे इंग्लिश घ्यावीत. गावठी अंड्यांवर रंग मळकट दिसतो. ती खाण्यासाठी ठेवावीत. अंडी थंड पाण्यात ठेवून उकळी आणावी, गॅस बंद करावा आणि झाकण ठेवून दहा-बारा मिनिटे विसरून जावे. रंगासाठी कांद्याची साले अर्धा तास उकळून पाणी गाळावे आणि कपभर पाण्याला चमचाभर व्हिनेगर घालावे. व्हिनेगर कवचातल्या चुन्यावर काम करते, त्यामुळे रंग धरतो. चमचाभर म्हणजे चमचाभरच. आमच्या एका जावयाने जोशात येऊन अर्धी बाटली ओतली होती. ती अंडी रंगली नाहीत, फसफसली. कांद्याने विटकरी तांबडा येतो, हळदीने पिवळा, बिटाने गुलाबी (तो संध्याकाळपर्यंत उदास होतो) आणि जांभळ्या कोबीने निळा. कोबीचे हे वागणे काकींना आजही मान्य नाही. निळे अंडे समोर ठेवले तरी त्या म्हणतात, "शाई घातली असणार."

नक्षी हवी असल्यास कोथिंबिरीचे पान ओले करून अंड्याला चिकटवावे, वर जुन्या पातळ मोज्याचा तुकडा घट्ट बांधावा आणि मग रंगात सोडावे. पान काढले की पानाचा पांढरा ठसा उरतो. मोजा धुतलेला असावा. हे लिहावे लागते, कारण मोजा काकांचा असतो.

कलम ४ : ससा. आपल्याकडे अशक्य गोष्टीला शशशृंग म्हणतात. सशाच्या अंड्यापर्यंत आपल्या शास्त्रकारांचीही मजल गेली नव्हती, ती जर्मनांची गेली. १६८२ च्या एका पुस्तकात अंडी आणणाऱ्या सशाची नोंद आहे. मुलांनी विचारल्यास ससा अंडी घालत नाही, फक्त पोचवतो, असे सांगावे. आजकालच्या मुलांना घरपोच सेवा समजते.

कलम ५ : मार्झिपान. येथून पुढे गांभीर्य अपेक्षित आहे. लहान मुलांना बाहेर पाठवावे, मोबाइल बाजूला ठेवावेत आणि काकींना मधली खुर्ची द्यावी.

परदेशी पुस्तकांत मार्झिपान बदामाचे असते. आपल्याकडे घरोघर काजूचे होते, आणि ते चांगले लागते. प्रमाण विचारण्याची रीत अशी :

"काकी, साखर किती?"

"काजूला लागेल तेवढी."

"काजू किती?"

"माणसं किती?"

"तुम्हीच बोलावलीत, तुम्हाला माहीत."

"मग विचारतोस कशाला?"

पुढील प्रमाण काकींचे डबे त्यांच्या नकळत आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवून मिळवलेले आहे. अर्धा किलो काजू, चारशे ग्रॅम साखर, दोन अंड्यांचा पांढरा बलक, दोन चमचे गुलाबपाणी आणि बदामाच्या इसेन्सचे तीन-चार थेंब. काजू कोरडे आणि खोलीच्या तापमानाचे असावेत. फ्रिजमधून काढून लगेच दळले तर त्यांना पाणी सुटते. मिक्सर थांबून थांबून फिरवावा. सलग फिरवला की काजूचे तेल निघते आणि पिठाऐवजी लगदा हाती येतो. मग हातात मार्झिपानही नाही आणि काजूही नाहीत, अशी अवस्था होते. काजूचा भाव पाहता ही अवस्था घरात जाहीर करू नये.

सगळे एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात अगदी मंद आचेवर ठेवावे आणि लाकडी उलथण्याने ढवळत राहावे. थांबू नये. फोन आला, दारावर कोणी आले, क्रिकेटमध्ये कोणी आऊट झाले, तरी थांबू नये. आच मोठी केली की मिश्रण पिवळट पडते, आणि पिवळट मार्झिपानावर कोणताही नाजूक रंग चढत नाही. ढवळण्याचे काम घरात नव्याने आलेल्या जावयाला द्यावे. नकार देण्याचे धैर्य त्याच्यात अजून आलेले नसते.

झाले की नाही हे ओळखण्यासाठी थोडे मिश्रण गार ताटलीत टाकावे. त्याची गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही तर उतरवावे. काकी ताटली वापरत नाहीत. त्या भांड्याकडे पाठ करून भाजी निवडत बसतात आणि मध्येच म्हणतात, "भांडं सोडलं त्याने. काढ." खरोखर त्याच क्षणी गोळा कडा सोडून मधे आलेला असतो. उलथण्याचा आवाज बदलतो, असे त्यांचे म्हणणे. मी कान देऊन ऐकत आलो आहे. मला आजवर फक्त शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू आला.

गोळा कोमट झाला की मळावा. कोरडा वाटला तर गुलाबपाण्याचे थेंब, सैल वाटला तर थोडी आयसिंग शुगर. रंग दातकोरणीच्या टोकाने घालावा, बाटली उपडी करून नव्हे. साच्याला कॉर्नफ्लोअरची पुसट फुंकर घालून अंड्याचे दोन अर्धे दाबून घ्यावेत, आत पोकळी ठेवावी, चॉकलेटच्या गोळ्या भराव्यात आणि आयसिंगने सांधावे. कवच सगळीकडे सारख्या जाडीचे हवे. टोकाला जाड आणि पोटाला पातळ झाले की वाळताना चिरते. आमची सगळ्यांची चिरतात. काकींचा उजवा अंगठा साच्यात एकदा गोल फिरतो, दुसऱ्यांदा फिरत नाही. तिचे अंडे चिरताना पाहिलेले नाही. (वर "त्यांचा", "त्या" असे लिहीत आलो आणि इथे "तिचे" झाले, ते तसेच राहू द्यावे.)

अंडी एक दिवस मलमलीखाली वाळवावीत. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. वसईच्या मुंग्यांना उपवासकाळ नसतो.

पोटकलम ५ (अ) : अंड्याशिवायचे अंडे. शेजारच्या आजी अंडे खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात पांढऱ्या बलकाऐवजी दुधात मार्झिपान शिजवले जाते, वेगळे उलथणे घेऊन. आजींनी ते अंडे पहिल्यांदा चाखले तेव्हा, "ही तर काजूकतली," असा निकाल दिला. काकींनी तो तिथल्या तिथे फेटाळला. तेव्हापासून दरवर्षी अंडे जाते, निकाल येतो आणि फेटाळला जातो. दिवाळीला आजी काजूकतली पाठवतात, तेव्हा काकी म्हणतात, "साच्यात घालायचं विसरल्या."

कलम ६ : नावे. एका अंड्याचा पांढरा बलक, पाव किलो आयसिंग शुगर आणि लिंबाचे काही थेंब घोटून कागदाच्या कोनात भरावे आणि अंड्यावर ज्याचे त्याचे नाव लिहावे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे काम सोपे आहे. देवनागरीत लिहायचे तर बाप्तिस्म्याच्या वेळीच विचार व्हायला हवा होता. "मारिया" एका दमात होते. "ख्रिस्तोफर" लिहिताना खालचा रकार कबरेतच जातो आणि स्त फुटतो. "ग्लॅडिस"ची चंद्रकोर घसरून अंड्याच्या टोकावर जाते. आमच्याकडे ख्रिस्तोफरच्या अंड्यावर "बाळू" असते. तो आता बँकेत मॅनेजर आहे, तरी अंडे बाळूचेच.

कलम ७ : अंडी लपवणे. परदेशात मुले हिरवळीवर अंडी शोधतात. आपल्याकडे केळीची वाडी असते, तिथे मुलांच्या आधी कावळे शोधतात आणि कावळ्यांच्या आधी मुंगूस. चॉकलेटचे अंडे लपवू नये. चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि एप्रिलची दुपार त्याला हसते. उकडलेली अंडीही उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिली तर खाऊ नयेत. म्हणून सकाळी लवकर लपवावीत, लगेच शोधायला लावावे आणि लपवणाऱ्याने यादी करावी. काका यादी करत नाहीत, "माझ्या डोक्यात आहे" म्हणतात. काकांच्या डोक्यात राहिलेले अंडे पावसाळ्याच्या तोंडावर वासाने सापडते.

कलम ८ : इंद्याल. डुकराचे मांस, काश्मिरी मिरच्या, लसूण, आले, जिरे, हळद, व्हिनेगर. मसाला व्हिनेगरमध्येच वाटावा, पाण्याचा थेंब नको. इंद्याल आदल्या दिवशी करून ठेवावे, मुरले की चव येते. आता अडचण अशी की आदला दिवस म्हणजे पवित्र शनिवार, आणि आमच्या घरी रात्रीची मिस्सा होईपर्यंत मांस तोंडात घालायची पद्धत नाही. सबब मीठ चाखता येत नाही. काकी वासावर मीठ सांगतात. जागरणाच्या मिस्सेत नऊ वाचने असू शकतात. निर्गमातला समुद्र दुभंगत असताना आमची अख्खी ओळ मिठाचा विचार करीत बसलेली असते. ग्लोरियाला घंटा वाजू लागल्या की काकी डोळे पुसतात. मीठ बरोबर असते.

कलम ९ : फुगे. मैदा, अंडी, नारळाचे दूध, थोडी साखर, यीस्ट. पूर्वी ताडी घालत. पीठ सैल हवे, फुगून वर यायला हवे. ओल्या हाताने मूठभर पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून दाबून गोळा वर काढावा आणि कढत तेलात सोडावा. पहिले दहा फुगे वेडेवाकडे होतात, ते करणाऱ्याने खावेत. पुढचे जमले तर बरे, नाहीतर काकी "ऊठ" म्हणतात.

कलम १० : सजावट. करावी. वाटेत येऊ नये इतकीच.

अखेरचे आणि तातडीचे. मार्झिपानचे साचे ही काकींची खाजगी मालमत्ता असून ते आळीभर फिरतात. नेणाऱ्यांनी ते कोमट पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण कोरडे करून परत करावेत. गरम पाण्याने ते वाकतात आणि ओले ठेवले तर बुरशी धरतात. मोठ्या अंड्याच्या साच्याचा डावा अर्धा आणि बसलेल्या कोंबडीचा साचा गेल्या ईस्टरपासून आलेला नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी झावळ्यांच्या रविवारपूर्वी आणून द्यावा. नाव विचारले जाणार नाही. काकींना ते माहीत आहे.