फुकट अँटीव्हायरस कसा पारखावा: सीमावासीयांसाठी पाच कलमं

नाका, तपासणी, हद्द आणि हद्दीवरचा महाराष्ट्र-कर्नाटक वाद हे सगळं बेळगाव-निपाणीच्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे अँटीव्हायरस पारखायला त्याच्याइतका लायक माणूस नाही. तरी शिस्त म्हणून ही कलमं.

कलम १: एका गावावर एकच दावा. "फुकट हाय न्हवं, मग तिन्ही टाकूया" हा विचार आवरावा. कायम पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एकत्र बसवले की ते एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि संगणक रांगायला लागतो. एका भूमीवर दोघांनी हक्क सांगितला की काय होतं, ते आपण १९५६ पासून बघतोय. या वादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. संगणकाला एवढी सवड नसते.

कलम २: नाका आहे का, ते बघा. २०२१ साली कोगनोळीच्या नाक्यावर कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल दाखवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती. अँटीव्हायरसनेही फाईल दारातच अडवली पाहिजे. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती सांगितल्यावरच घर झाडते, दारात उभी राहत नाही. दुसरं मत घ्यायला ती चांगली, राखणीला नाही.

कलम ३: पोत्यावरची चिठ्ठी वाचू नका. निपाणीत तंबाखू घेणारा आधी पान हातात घेतो, मग भाव बोलतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था अँटीव्हायरसची अशीच पारख करून निकाल जाहीर करतात. त्यात किती चोर धरले याबरोबर किती साव अडकवले तेही बघा.

कलम ४: फुकटाचा हिशेब विचारा. जकात कुठेतरी द्यावीच लागते. लोक कुठल्या वेबसाइटवर फिरतात याची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच चहाटळ निघाला!

कलम ५: रंगीत तालीम घ्या. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाईल मिळते. ती उतरवून घेताना अँटीव्हायरस ओरडला नाही, तर पहारेकरी झोपलाय.

निवाडा: विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीपासूनच असतो. दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. इतका समंजस दावेदार आपल्याकडे अजून झालेला नाही. घरच्या कामाला डिफेंडर पुरतो. तो चालू ठेवा, अपडेट टाळू नका आणि जमिनीच्या उताऱ्यांची, फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर काढून ठेवा.

एवढं करूनही ऑनलाइन पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन लावा. हा नंबर हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच आहे.